नॉर्मनकाकांची भिंत

नॉर्मनकाकांबरोबर फिरायला निघताना वाटेत रंगवलेली भिंत लागू नये, अशी मी मनातल्या मनात प्रार्थना करतो. भिंत लागली की फिरणं संपलं. सहा फुटांचा, पांढऱ्याशुभ्र मिशांचा हा गोरा माणूस हात पाठीमागे बांधून तिच्यासमोर उभा राहतो, शाळातपासणीला आलेल्या साहेबासारखा डावीकडून उजवीकडे सरकतो आणि खणखणीत सांगलीकर मराठीत विचारतो, "ह्याचा राग कुणाला आला?"

परवा कातोंगमधल्या एका जुन्या दुकानाच्या भिंतीवर कुणीतरी सुरेख चित्र काढलेलं दिसलं. खिडकीत मांजर, खाली केळी विकणारी म्हातारी. पोरी त्या म्हातारीला खेटून फोटो काढत होत्या.

"राग कशाला येईल काका? सगळ्यांना आवडतंय की."

"परवानगी घेतलेली?"

"सिंगापुरात परवानगीशिवाय भिंतीला बोट तरी लावता येतं का?"

"मग हे चित्र नव्हे. वॉलपेपर आहे." त्यांनी त्या मांजराकडे फार दयेनं पाहिलं. "चला. मी निघाले."

'निघाले' हे त्यांचंच. त्याला इलाज नाही. नॉर्मनकाका मराठी शिकले ते सासूबाईंकडून. काका जहाजावर इंजिनियर होते. जहाज दुरुस्तीला सिंगापूरच्या गोदीत लागलं, काकांचं मनगट मोडलं, आणि हॉस्पिटलात त्यांना प्लास्टर घालताना "हलू नका" म्हणून दम देणारी नर्स म्हणजे सांगलीच्या शुभांगीकाकू. जहाज गेलं, काका राहिले. पुढं सासूबाई चार दिवस म्हणून लेकीकडे आल्या, त्या राहिल्याच. काकूंच्या ड्युट्या वेळी-अवेळी. घरात जावई आणि सासू. सासूबाईंना इंग्रजीचा गंध नाही. मग काय, त्या म्हणणार "मी आले", हेही म्हणणार "मी आले". त्या जावयाला मानानं 'अहो' म्हणणार, हे साऱ्या जगाला 'अहो' म्हणायला लागले. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, ताटावर उडी घेणाऱ्या साळुंकीलासुद्धा काका म्हणतात, "अहो, सरका जरा."

काकूंनी सुरुवातीला चुका दुरुस्त करून पाहिल्या. मग सोडून दिलं. मला म्हणाल्या, "आई गेली त्या दिवसापासून मी त्याला एकदाही अडवलं नाही. तो बोलतो तेव्हा घरात तिचा आवाज ऐकू येतो रे."

मी त्यांच्याच ब्लॉकमध्ये, मरीन पॅरेडला, भाड्यानं राहतो. दोन दारं सोडून. नोकरी चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेच्या मागच्या खोलीत, म्हणजे जिथं बँकेचे कॉम्प्युटर राहतात तिथं. नवीन राहायला आलो तेव्हा काकूंनी पोह्याला बोलावलं. समोर गोरा माणूस मांडी घालून पोह्यांवर लिंबू पिळतोय. काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलून गेलो, "काका, तुम्ही आयरिश ना?"

काकांनी हातातला चमचा खाली ठेवला. काकूंनी स्वयंपाकघरातूनच हाक दिली, "झालं! आता पोहे गार होणार."

"तुम्ही कुठले?" काकांनी विचारलं.

"बेळगावचा."

"म्हणजे कर्नाटकातले."

मी चमचा खाली ठेवला.

"पाहिलंत!" काकांनी टाळी वाजवली. "पाहिलंत! अहो, मीपण तशीच!"

त्या दिवशी पोहे खरंच गार झाले, पण मला एक माणूस मिळाला. काका बेलफास्टचे. त्यांची गल्ली युनियनिस्टांची. लंडनच्या राजमुकुटाशी जोडलेले आहोत आणि जोडलेलेच राहणार, असं म्हणणाऱ्यांची. पलीकडची गल्ली म्हणणार, आम्ही आयर्लंडचे. मधे उंचच उंच भिंत. आणि दोन्हीकडच्या घरांच्या कडेच्या भिंतींवर चित्रं. काकांच्या बाजूला राजमुकुट, महायुद्धात पडलेल्या पोरांसाठी लाल फुलं, लढाई जिंकून पांढऱ्या घोड्यावरून नदी पार करणारा राजा. फुटपाथच्या कडेचे दगडसुद्धा लाल-पांढरे-निळे. अनोळखी माणसानं खाली मान घालून चाललं तरी त्याला कळावं, आपण कुणाच्या गल्लीत शिरलो ते.

"आणि गंमत ऐका," काका म्हणाले. "एवढं सगळं रंगवून लंडनला जायचं, तर तिथला टॅक्सीवाला म्हणणार, 'अरे वा, आयरिश!'"

मला हसू आवरेना. आमच्या गल्लीत एका रात्रीत भिंतीवर भगव्या अक्षरांत मराठी घोषणा उमटायची आणि दुसऱ्या रात्रीत तिला काळं फासलेलं असायचं. इतकं करून कॉलेजला पुण्याला गेलो, तर पहिल्याच दिवशी मेसच्या काकूंनी कौतुकानं विचारलं होतं, "बेळगाव? मग घरी कन्नड बोलता का?" ज्यांच्यात जायचं म्हणून आपण भांडतो, त्यांना आपण कोण ते ठाऊकच नसतं. हे मी कधी कुणाला समजावून सांगू शकलो नव्हतो. काकांना समजवावंच लागलं नाही.

जुलै आला की काका बेचैन होतात. तिकडे जुलैत त्या घोड्यावरच्या राजाच्या विजयाच्या मिरवणुका, नारंगी पट्टे घालून निघालेले बाप्ये, माणसापेक्षा मोठे ढोल. इथं कॉरिडॉरमध्ये करणार काय? फुटपाथचा दगड रंगवला तर दुसऱ्या दिवशी पोलीस. म्हणून काका कुंड्या रंगवतात. तुळशीची लाल, कढीपत्त्याची पांढरी, कोरफडीची निळी. मग पुन्हा लाल. एका जुलैत वरच्या मजल्यावरचा फ्रेंच शेजारी भारावून खाली आला. त्याच आठवड्यात त्याच्या देशाचाही सण होता, आणि रंगही तेच. कुणी परका आपली एवढी आठवण ठेवतो म्हणून त्यानं काकांना मिठी मारली आणि वाइनची बाटली दिली.

"तुम्ही सांगितलं नाहीत, कुंड्या त्याच्यासाठी नाहीत म्हणून?" मी विचारलं.

"मी काय वेडी आहे? वाइन चांगली होती."

माझी मुलगी ईरा तेव्हा नऊ वर्षांची. तिला काकांच्या गोष्टी फार प्रिय. एकदा त्यांनी लाल हाताची गोष्ट सांगितली. दोन सरदार होड्या हाकत निघाले. ज्याचा हात किनाऱ्याला आधी लागेल, जमीन त्याची. एक मागं पडायला लागला, तर त्यानं स्वतःचा हात तोडला आणि किनाऱ्यावर भिरकावला. तोच लाल हात त्यांच्याकडच्या भिंतींवर असतो.

"So gross lah, Uncle," ईरा म्हणाली. "Then how he eat?"

"अहो ईरा, हा प्रश्न आमच्याकडे आजवर कुणी विचारलाच नाही."

पुढच्याच आठवड्यात मला शाळेतून फोन. वर्गात 'माझी ओळख' या विषयावर चित्र काढायचं होतं. बाकी मुलांनी सण, पतंग, आजी-आजोबा काढले. ईरानं समुद्रावरून सिंगापूरकडे उडत येणारा एक तुटका, रक्तानं माखलेला हात काढला होता. मी बाईंसमोर बसून आधी बेलफास्ट, मग बेळगाव, मग सांगली असं सगळं समजावून सांगितलं. बाईंनी चित्र उचलून पुन्हा एकदा पाहिलं. शेवटी म्हणाल्या, "Maybe next time draw kite."

काकांना हे सांगितलं तर त्यांचे डोळे चमकले. "म्हणजे राग आला! बाईंना राग आला! अहो, पोरगी चित्रकार होणार!"

असे हे नॉर्मनकाका. सगळ्या भिंतींबद्दल बोलायचे, पण स्वतःच्या घराच्या भिंतीबद्दल कधी नाही. मीही विचारलं नव्हतं. ते कळलं एका शनिवारी संध्याकाळी, हेदरचा फोन आला तेव्हा.

आम्ही त्यांच्याकडे चहा घेत होतो. मी, आणि माझ्या ऑफिसातला पाध्ये. पाध्ये पुण्याचा, त्याला जगातल्या प्रत्येक गोष्टीत तत्त्वाचा प्रश्न दिसतो. फोनवरची बाई काय बोलत होती ते मला अर्धंच कळत होतं, कारण बेलफास्टचं इंग्रजी म्हणजे कुणीतरी खडबडीत रस्त्यावरून सायकल हाणत बोलावं तसं. काकू हळू आवाजात आम्हाला मराठीत सांगत होत्या. हेदर काकांच्या जुन्या गल्लीतलीच, काकांची आई गेल्यापासून काकांच्याच घरात राहते. गल्लीतल्या बायकांनी ठरवलंय, कडेच्या भिंतीवर रंगवलेले दोघं आता पुसायचे. पण ती भिंत मूळ काकांच्या वडिलांची, म्हणून तिथं काय काढायचं हे काकांना विचारल्याशिवाय ब्रश लावायचा नाही.

काका म्हणाले, विचार करून सांगतो. फोन ठेवला. आणि मग खुर्चीत मागं न टेकता, ताठ बसून, त्यांनी सगळं सांगितलं.

त्यांचे वडील गोदीत रंगारी. नव्या जहाजाच्या नाकाडावर नाव लिहिण्याचं काम त्यांचं. हात इतका स्थिर, की झुल्यावर लोंबकळत काढलेली अक्षरं पट्टीनं आखल्यासारखी. गल्लीनं सांगितलं, राजा काढ. राजा काढणं सोपं, टोप, तलवार, नाक. घोडा कुठून आणायचा? गल्लीत कुणी लढाईचा घोडा पाहिलेला नव्हता. पाव घेऊन येणाऱ्या बेकरीच्या गाडीला एक घोडा असायचा, त्याचं नाव कॅप्टन. वडिलांनी त्याला भिंतीसमोर उभं केलं आणि काढला. पोट सुटलेला, डोळे झोपाळू, एक कान पडलेला. चित्र पुरं झालं तर साऱ्या गल्लीत हसून हसून मुरकुंडी. राजा लढाईला निघालाय तो पावाच्या गाडीच्या घोड्यावर!

"पण पुसू कुणी दिला नाही," काका म्हणाले. "दर जुलैत वडील परत रंग द्यायचे. पलीकडच्या गल्लीतला बेकरीवालासुद्धा बघून गेला. त्याला राजाचा राग होता. घोड्याचा नव्हता."

मग वाईट वर्षं आली. बाँब, गोळीबार, गल्लीच्या तोंडाला अडथळे. काका तेव्हा नुकते गोदीत शिकाऊ म्हणून लागलेले. एका सकाळी सगळे घराबाहेर आले, तर घोडा नाही, राजा नाही. काळे बुरखे घातलेले दोन बंदूकवाले भिंतभर उभे. रंग अजून ओला. कुणी काढलं ते गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. रॉय. काकांच्या वर्गातला, बाकावर शेजारी बसणारा. त्यांच्याच वडिलांच्या हाताखाली ब्रश धरायला शिकलेला.

"वडील काय म्हणाले?" पाध्येनं विचारलं.

"बाहेर आले. पाहिलं. आत जाऊन चहा केला. बंदूकवाल्यांना कोण काय म्हणणार? पण त्यानंतर घरात ब्रश कधी हातात घेतला नाही."

थोड्या दिवसांनी बंदूकवाल्यांपैकी दोघेजण दाराशी आले. म्हणाले, नॉर्मन मोठा झाला, आता त्यानं आमच्यात यायला पाहिजे. आईनं त्यांना चहा दिला, केक दिला, विचार करते म्हणाली. ते वळले आणि तिनं काकांची बॅग भरली. तिच्या भावाच्या ओळखीनं एका जहाजावर जागा मिळाली. काका गेले ते गेले. वडील वारले तेव्हा जाऊन आले, आई वारली तेव्हा जाऊन आले. दोन्ही वेळा शवपेटी निघाली तेव्हा भिंतीवर ते दोघे बुरखेवाले उभे होतेच.

पाध्येनं कप खाली ठेवला. "काका, मग प्रश्नच काय? राजा परत काढायचा! तत्त्वाचा प्रश्न आहे!"

"तेच सांगणार," काका उठून उभे राहिले. "आहे तसा राजा. टोप, तलवार, सगळं!"

ते लगेच हेदरला सांगून मोकळे झाले. आणि तिकडून उत्तर आलं, राजा चालणार नाही. भिंतीसाठी पैसे देणाऱ्यांची अट होती, बंदूक नको, बुरखा नको, झेंडा नको, राजा नको. शिवाय गल्लीत आता नवीन जोडपी राहतात, त्यातल्या एकाची बायको पलीकडच्या गल्लीतली. कुणाला राग येणार नाही असं काहीतरी सुचवा.

"राग येणार नाही असं!" काका गरजले. "वॉलपेपर! माझ्या वडिलांच्या भिंतीवर वॉलपेपर!"

पुढचा आठवडा ब्लॉकमध्ये दुसरा विषय नव्हता. काका लिफ्टमध्ये भेटले की भाषण. पाध्येनं ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तीन पर्याय तयार केले, त्यात एक फुलपाखरू होतं. फुलपाखराचं नाव काढल्यावर काका दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. तिकडे बायकांची सभा ठरलेली, आणि तोवर काकांनी काही सांगितलं नाही तर त्या मोकळ्या होत्या हवं ते काढायला. काकांचं जेवणातलं लक्ष उडालं.

शेवटी एका दुपारी शुभांगीकाकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "नॉर्मन, एक विचारू? तुला राजा हवाय की घोडा?"

मी तिथंच होतो.

"घोडा," काका म्हणाले. आणि मग त्यांना ते स्वतःलाच ऐकू आल्यासारखं मोठ्यानं, "अहो, घोडा! राजा कुणाला पाहिजे! कॅप्टन! पावाची गाडी ओढणारा कॅप्टन!"

त्यांनी काकूंना भाजीसकट उचलायचं तेवढं बाकी ठेवलं. हेदरला फोन झाला. हेदरला पसंत होतं, पण तिनं कॅप्टनला पाहिलेलं नव्हतं. भिंत रंगवणारी पोरं तर कालची. फोटो? त्या काळी बेकरीच्या घोड्याचा फोटो कोण काढणार? कुणीतरी तो काढून दाखवायला हवा होता, आणि सभा तर आलीच होती.

"मी काढते," काका म्हणाले.

"तुला येतं?" काकू.

"नाही."

रविवारी सकाळी आम्ही ब्लॉकच्या खालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, तपकिरी कागदाची गुंडाळी पसरली. काकांना घोडा खऱ्या मापाचा हवा होता, लहान कागदावर तो आठवत नाही म्हणाले. पाध्ये कोपरे धरून बसला, काकांचा त्याच्यावरचा राग गेला होता. काका गुडघ्यावर टेकून कोळशानं काढायला लागले. पहिला निघाला तो गाढव. दुसरा गाभण म्हैस. सकाळच्या चहाला निघालेले एक चिनी आजोबा थांबले, बराच वेळ पाहून म्हणाले, "Uncle, this one dog ah?" काकू म्हणाल्या, "सोंड लाव, गणपतीला उपयोगी पडेल." ईरा म्हणाली घोड्याला गुडघे चार असतात, ह्याला पाच आहेत.

काकांचा शर्ट काळा झाला, मिशा काळ्या झाल्या. कागद फाटला, दुसरा आणला. दुपार होत आली. मग काका एकदम म्हणाले, "मी चेहऱ्यापासून सुरुवात करते आहे, तिथं चुकतंय. तो आधी पोटानं यायचा." आणि त्यांनी पोट काढलं. मोठं, गोल, जमिनीकडे झुकलेलं. मग पाय, जड, केसाळ. मग मान. मग झोपाळू डोळा. आणि शेवटी डावा कान, पडलेला.

ते चिनी आजोबा परत येताना पुन्हा थांबले होते. म्हणाले, "Wah. Horse."

काका जमिनीवर बसून लहान मुलासारखे हसत होते.

फोटो तिकडे गेला आणि संध्याकाळी सभा सुरू असतानाच हेदरचा फोन. ती ओरडूनच बोलत होती. सभेत एक नव्वदीची म्हातारी होती, तिनं फोटो पाहिला आणि भर सभेत म्हणाली, "अगं बाई, कॅप्टन!" मग दुसरी म्हणाली, मी त्याला साखर द्यायची. मग पलीकडच्या गल्लीतली ती सून म्हणाली, तो आमच्याकडेही यायचा, माझी आजी सांगायची! सगळ्यांचे हात वर. कॅप्टन बिनविरोध निवडून आला.

"बिनविरोध!" काका कॉरिडॉरभर सांगत सुटले. फ्रेंच शेजाऱ्याला सांगितलं. त्याला काही कळलं नाही, पण तो पुन्हा वाइन घेऊन खाली आला.

भिंत पुरी झाली त्या शनिवारी काकांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. काकूंनी साबुदाण्याचे वडे तळले होते. टीव्हीला फोन जोडलेला. तिकडे दुपार, लख्ख ऊन, गल्लीत टेबलं मांडलेली, पोरं धावतायत. हेदरनं फोन वर केला आणि आम्ही सगळ्यांनी एकदम आरडाओरडा केला. भिंतभर कॅप्टन! मागं पावाची गाडी, आणि तो मान वळवून, आता कुणी साखर देतंय का बघत उभा. ईरा सोफ्यावर उड्या मारत होती. पाध्येच्या डोळ्यांत पाणी होतं. तो म्हणाला, वड्यातल्या मिरचीनं.

काका एकेकाची विचारपूस करत होते. ही कोण, तो कुणाचा मुलगा. तेवढ्यात हेदर म्हणाली, "नॉर्मन, इथं एकजण आहे. बोलणार नाही म्हणतो, पण मी आणलंय त्याला."

पडद्यावर एक म्हातारा आला. सपाट टोपी, अंगाला मोठा होणारा कोट. तो कॅमेऱ्याकडे न बघता थोडा बाजूला बघत होता.

"नॉर्मन," तो म्हणाला.

"रॉय," काका म्हणाले.

काकू भाषांतर करायच्या थांबल्या.

हेदर मधेच म्हणाली, "तुला ठाऊक आहे ना नॉर्मन, तो दर शनिवारी तुझ्या आईला पाव आणि कोळसा आणून द्यायचा? ती जाईपर्यंत?"

काकांना ठाऊक नव्हतं, हे त्यांच्या पाठीवरूनच कळलं. नंतर काकू म्हणाल्या, नॉर्मनची आई फोनवर एवढंच सांगायची, "एक माणूस येतो, आणून देतो." नाव तिनं कधी घेतलं नाही.

मग रॉयनं भिंतीकडे मान वळवली आणि खरखरीत आवाजात म्हणाला, "कान चुकलाय."

"काय?"

"कान. उजवा पडलेला होता. तू डावा पाडलास."

"डावाच होता!" काका उसळले.

"उजवा."

"माझ्या वडिलांचा घोडा होता, मला सांगतोस?"

"मला ठाऊक नसेल तर कुणाला?" रॉय म्हणाला. "मी पुसलाय तो. सगळा पुसला. तो कान शेवटी पुसला. जमतच नव्हतं."

काकूंनी हे आम्हाला मराठीत सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

काका टीव्हीसमोर उभे होते, हात पाठीमागे न बांधता, नुसते लोंबत सोडलेले. रॉयनं टोपी काढली, पुन्हा घातली. तो आता निघून जाईल असं वाटत होतं. हेदरचा हातही फोन वळवायला लागलेला दिसला.

काका झटकन काकूंकडे वळले आणि मराठीत, घाईघाईनं, कुणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाले, "शुभा, त्याला विचारा ना, जेवलास का म्हणून. मला इंग्रजीत नाही जमत."

काकूंनी हात पदराला पुसले, पुढं झाल्या आणि विचारलं.

रॉय पहिल्यांदाच सरळ कॅमेऱ्यात बघत होता.

"अजून नाही," तो म्हणाला. "तुम्ही?"